एसओपी असूनही एकाच नमुन्याचे दोघांचे निकाल वेगळे येतात, सीनियर मात्र ‘करत करत कळेल’ म्हणतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की जळगावजवळच्या एका माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत नुकत्याच लागल्या आहात, एसओपीची (म्हणजे चाचणीच्या ठरवून लिहिलेल्या पद्धतीची) फाइल कपाटात आहे, पण काम सगळं तोंडी चालतं. मी खानदेशातल्या अशाच प्रयोगशाळांमध्ये बरीच वर्षं काम करते आहे, त्यामुळे तुमची अडचण चांगलीच ओळखीची आहे. थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे, निकाल वेगळे आले की लगेच ‘कुणाचा तरी हात कच्चा आहे’ असं धरू नका. बहुतेक वेळा दोघांचाही हात चांगला असतो. दोघं दोन वेगळ्या पद्धती वापरत असतात आणि आपण एकच पद्धत वापरतोय असं दोघांनाही वाटत असतं. फरक कागदावर नसलेल्या जागी असतो, आणि तो शोधणं हे तुमचं पहिलं काम.

सेंद्रिय कर्बाचंच बघा. तो मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत सगळ्यांना पाठ असते: १ ग्रॅम माती, १० मिली १ नॉर्मल डायक्रोमेट, २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, ३० मिनिटं थांबायचं, मग पाणी घालून एफएएसने (फेरस अमोनियम सल्फेटने) टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब घालून मोजणी. आता या पद्धतीत बाहेरून उष्णता देत नाहीत. आम्ल मिसळताना जी उष्णता निघते तिच्यावरच सगळी अभिक्रिया चालते. एकजण आम्ल भरभर ओततो, दुसरा सावकाश. एकजण फ्लास्क गार फरशीवर ठेवतो, दुसरा जाड पुठ्ठ्यावर. ‘आम्ल घाला’ एवढंच लिहिलेलं असेल तर दोघांनीही एसओपी पाळली आणि आकडे मात्र वेगळे आले. शिवाय या पद्धतीत कर्बाचं पूर्ण ऑक्सिडीकरण होत नाही, साधारण ७७ टक्के धरतात, म्हणून काहीजण उत्तराला १.३ ने गुणतात आणि काहीजण गुणत नाहीत. ०.४० टक्के आणि ०.५२ टक्के हे एकाच टायट्रेशनचे दोन निकाल असू शकतात. आपल्याकडच्या वर्गवारीत पहिला आकडा ‘कमी’त पडतो, दुसरा ‘मध्यम’मध्ये. नत्राची शिफारस कर्बाच्या वर्गावरून करतात, म्हणजे पुढे शेतकऱ्याच्या युरियाच्या गोण्या बदलल्या.

स्फुरदात (फॉस्फरस, म्हणजे ‘पी’) तर याहून जास्त गोंधळ आहे. आपली काळी माती विम्लधर्मी, म्हणून ओल्सेन पद्धत: ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, पीएच ८.५, ३० मिनिटं शेकरवर. समजा उत्तर १० पीपीएम (दशलक्षात १० भाग) आलं. हेक्टरी किलोत सांगायचं तर २.२४ ने गुणायचं, म्हणजे २२.४. तेच पी२ओ५ मध्ये (स्फुरदाच्या ऑक्साइडच्या रूपात) सांगायचं तर आणखी २.२९ ने, म्हणजे ५१.३. माती एकच, आकडे तीन आणि तिन्ही बरोबर. वहीत नुसतं ‘पी = २२.४’ लिहून एकजण जेवायला गेला आणि दुसऱ्याने तेच पी२ओ५ समजून अहवालात उतरवलं, तर चूक कुणाची? त्यातून २.२४ आणि २.२९ हे दोन गुणक इतके सारखे दिसतात की घाईत एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. म्हणून माझा आग्रह असा की आकड्याला एकक आणि रूप जोडलेलं नसेल तर तो निकाल मानायचाच नाही. पाण्यातही हेच: नायट्रेट ‘नायट्रेट म्हणून’ की ‘नायट्रोजन म्हणून’, यात जवळजवळ साडेचार पटींचा फरक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा ‘नायट्रेट म्हणून’ आहे. ‘नायट्रोजन म्हणून’ १५ आलेलं पाणी वाचणाऱ्याला सुरक्षित वाटेल, आणि प्रत्यक्षात ते मर्यादेच्या बाहेर असेल.

बाटल्यांची लेबलंही एकदा नीट बघून घ्या. ‘सल्फ्युरिक ०.१’ एवढंच लिहिलेली बाटली आपल्या भागात कितीतरी ठिकाणी सापडते. ०.१ नॉर्मल की ०.१ मोलर? ही तीव्रतेची दोन वेगळी एककं. सल्फ्युरिकमध्ये हा सरळ दुपटीचा फरक आहे. लेबलवर नाव, तीव्रता एककासह, तयार केल्याची तारीख आणि कुणी केलं, एवढं हवंच, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर आम्लाच्या एका थेंबाने मार्करची शाई जाते. तारखेला आपल्याकडे जास्त महत्त्व आहे. काचेची मापाची भांडी ज्या तापमानाला बरोबर मापतात ते, २७ अंश, त्यांच्यावर छापलेलं असतं आणि मे महिन्यात जळगावात बाहेर ४४-४५ असतं. बायकार्बोनेटचा पीएच उघड्यावर हळूहळू चढतो, पाण्याचा कठीणपणा काढायच्या बफरमधला अमोनिया उडून जातो. ‘परवाच केलंय’ हे कुणाच्या आठवणीवर सोडू नका.

नमुने घेतानाही नुसत्या नावावर भागत नाही. रावेर-यावलकडून मृगबागेच्या (जून-जुलैतल्या केळीच्या लागवडीच्या) आधी माती येते तेव्हा एकाच गावच्या पिशव्यांमध्ये पाटील आणि चौधरी किती निघतील सांगता येत नाही, त्यात पहिलं नावही सारखं. नमुना आत आला की त्याला क्रमांक, आणि तिथून पुढे फक्त क्रमांक. गट नंबर आणि खोली शेतकऱ्याला समोर बसवून विचारा, विचारलेलं लिहा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. माती खताच्या जुन्या गोणीत आणली असेल तर ‘दादा, हा नमुना परत आणावा लागेल’ हे तिथेच नम्रपणे सांगा. दोन तालुके ओलांडून आलेल्या माणसाला परत पाठवताना जीवावर येतं, तरी सांगा.

आता काचसामान धुणाऱ्या मावशींबद्दल. एसओपी इंग्रजीत, फाइल साहेबांच्या कपाटात, आणि स्फुरदाच्या निकालाचा पाया त्यांच्या हातात. काही धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट असतं. ते भांड्याला राहिलं की मातीत नसलेला स्फुरद अहवालात दिसतो. त्यांना नुसतं ‘नीट धुवा’ म्हणून काय कळणार? कारण सांगा, अहिराणीत सांगता येत असेल तर अहिराणीतच सांगा, आणि कोणत्या भांड्याला किती वेळा नळाचं पाणी, किती वेळा डिस्टिल्ड, हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहून बेसिनच्या वर लावा. ‘व्हई गये’ (झालं) म्हणाल्या की शेवटचं पाणी कोणतं वापरलं एवढं एकदा विचारायचं. यात त्यांच्यावर अविश्वास नाही. कारण कळल्यावर याच बायका नव्या मुलांना ओरडून पावडर बदलायला लावतात, हे मी पाहिलंय.

सीनियरांशी कसं बोलायचं हा तुमचा खरा प्रश्न. ‘तुमची पद्धत एसओपीत नाही’ असं म्हणालात की संवाद संपला. त्याऐवजी वही घेऊन जा आणि विचारा, “सर, कर्बाच्या रकान्यात १.३ ने गुणलेलं लिहू की न गुणलेलं?” अशा प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर मिळालं की तिथल्या तिथे परत बोलून दाखवा: “म्हणजे सगळ्या नमुन्यांना गुणायचं, बरोबर ना?” आणि तारखेसह लिहून ठेवा. महिनाभरात तुमच्या वहीत खरी चालू पद्धत जमा होईल. ती टाइप करून ‘एसओपीत एवढी भर घालू का?’ म्हणून ठेवलीत तर बहुतेक सीनियर सही करतात, कारण ते त्यांचंच ज्ञान असतं. ज्यांना नोंदी म्हणजे कारकुनी वाटते त्यांना सांगा की एनएबीएल ज्या आयएसओ १७०२५ मानकावर मान्यता देतं, त्यातच निरीक्षण घेतलं त्या वेळी नोंदवा आणि बदल केला तरी मूळ नोंद राहिली पाहिजे असं आहे. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर नाही, आणि चिठ्ठीवर लिहून संध्याकाळी वहीत उतरवणंही नाही.

वाद कमी करायचा माझा आवडता उपाय म्हणजे तपासणीची माती. एकाच शेतातली पोतंभर माती वाळवून, चाळून, मिसळून डब्यात भरून ठेवा आणि रोजच्या प्रत्येक बॅचमध्ये तिचा एक नमुना चालवा, कुणीही काम करो. आकडा नेहमीपेक्षा हलला की कुणाला बोल लावण्याआधी रसायन, तापमान, भांडी बघता येतात.

एका बाबतीत मात्र आर्जवं करत बसू नका. कुणी तोंडाने पिपेट ओढायला सांगितलं, किंवा डायक्रोमेटचं सांडपाणी थेट बेसिनमध्ये ओतायला सांगितलं, तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. डायक्रोमेटमधलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. आम्लाची बाटली घेऊन कुणाच्या मागून जाताना मोठ्याने ‘मागे आम्ल आहे’ म्हणायची सवय तुम्ही स्वतःपासून लावा, आठवड्याभरात बाकीचे लावतील.

कोणत्या घटकाचे निकाल जुळत नाहीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. कर्ब असेल तर आधी १.३, मग आम्ल ओतायची रीत आणि दोघांनी एकच ब्लँक (माती न घालता केलेली तीच चाचणी) वापरला का ते बघा. स्फुरद असेल तर एकक, बायकार्बोनेटची तारीख आणि धुण्याची पावडर. पीएच असेल तर माती-पाणी प्रमाण १:२.५ च आहे ना, दोघंही सारखाच वेळ थांबतात ना, आणि मीटर ७ व ९.२ च्या बफरवर लावलाय ना, कारण आपल्या मातीचा पीएच बहुधा ८ च्या आसपास असतो आणि ४-७ वर लावलेला मीटर तिथे भरवशाचा नाही. घटक कळवलात तर त्याबद्दल आणखी लिहीन.