वाचकांचे प्रश्न: पोलंडमधे कम्युनिस्ट हरले कसे?

प्रश्न: पोलंडमधे 1989 ची निवडणूक कम्युनिस्ट सरकारनेच घेतली ना, मग सत्ता गेली कशी?

उत्तर: छान विचारलंत. सरकार आणि विरोधातली कामगार संघटना सॉलिडॅरिटी यांच्या गोलमेज चर्चेत ठरलं होतं की कनिष्ठ सभागृहाच्या 460 पैकी फक्त 161 जागा खुल्या, बाकी सत्ताधारी आणि त्यांच्या मित्रपक्षांना राखीव, सिनेटच्या 100 मात्र सगळ्या खुल्या. पण मतपत्रिका बघा, तिथे शिक्का मारायचा नव्हता, नको ते नाव पेनाने खोडायचं होतं आणि 4 जूनला लोकांनी अक्षरशः रेघोट्या ओढल्या. बड्या नेत्यांची 35 जणांची बिनविरोध यादी होती, निम्म्याहून जास्त मतं मिळाली की झालं, तरी 33 जण पडले, पंतप्रधान राकोव्स्कीसुद्धा! दोन फेऱ्या मिळून सॉलिडॅरिटीने 161 च्या 161 आणि सिनेटच्या 99 जागा घेतल्या, मग मित्रपक्षही तिकडे गेले आणि ऑगस्टमधे सॉलिडॅरिटीचे माझोविएत्स्की पंतप्रधान झाले. त्याच 4 जूनला बीजिंगमधे लोकशाही मागणाऱ्यांवर रणगाडे घातले होते हो, म्हणून मला त्या साध्या पेनाचं फार मोल वाटतं. पुढे बेकारीने लोक वैतागले आणि 1993 मधे जुनीच मंडळी नव्या नावाने सत्तेत आली, पण यावेळी खरीखुरी मतं मागून.