सहा कोंबड्या, एक कोंबडा आणि शेजारचे काका

प्रश्न : नगरपरिषद हद्दीत आमचं स्वतःचं बैठं घर आहे, मागे थोडं परस. दोन वर्षांपासून सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा पाळलाय. शेजारचे काका आता म्हणतात, 'वस्तीपासून ५०० मीटरच्या आत बंदी आहे, तक्रार करतो.' कोंबडा डालग्याखाली झाकून पाहिला, तरी साडेतीनला आरवतोच. सगळं काढावं लागेल का? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : कोंबड्या ठेवा, कोंबडा काढा. तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढलेला माणूस सांगतोय, रागावू नका.

काकांनी वाचलेलं अंतर मोठ्या पोल्ट्रीवाल्यांसाठी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा प्रश्नही पाच हजार पक्ष्यांपासून पुढे येतो. तुमच्या सात जिवांशी त्याचा संबंध नाही. म्हणून रान मोकळं, असं मात्र नाही. घाण, वास, माश्या यांची तक्रार गेली तर नगरपरिषदेचा आरोग्य विभाग नोटीस काढू शकतो. त्रास अख्ख्या गल्लीचा ठरला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १५२ खाली प्रकरण प्रांताधिकाऱ्यांपुढे जाऊ शकतं. गावागावाचे उपविधी वेगळे असतात. तोंडी विचारू नका, साधा अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता कोंबडा. २०१३ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठात कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तरी ते आपल्या वेळेवरच आरवले. घड्याळ अंगातच आहे, डालगं काय करणार? कोंबडं झाकून तांबडं थांबत नाही हे आपण ऐकून होतो. इथे कोंबडंही थांबत नाही! निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. कोंबडा जवळून शंभरीच्या पुढे जातो. यंत्र घेऊन कुणी येणार नाही, पण या एका बाबतीत काका बरोबर आहेत.

आणि अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. दवाखान्यात हे सांगितलं की निम्मे लोक माझ्याकडे संशयाने बघायचे. पिल्लं हवी असतील तेव्हा कोंबडा असलेल्या घरून अंडी आणा, खुडूक कोंबडीखाली ठेवा, एकवीस दिवसांत काम होतं.

खुराडं काकांच्या भिंतीपासून लांब हलवा. खाली भाताचा तूस टाका, ओला झाला की त्याच दिवशी बदला. वास ओल्या तुसाचाच येतो. राणीखेत रोगाची लस चुकवू नका. दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर उकिरड्यावर टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा साथ रोखायला कोंबड्या मारताना परसातल्याही सोडल्या नव्हत्या. आमच्या पथकाला एका घरात 'कोंबडी नाहीच' म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात पलंगाखाली तिने अंडं घालून कॉक्‌कॉक् सुरू केलं. अशा वेळी लपवू नका.

कोंबडा आठवडी बाजारात विकणार असाल, तर पाय आणि नख्या निरखून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला देऊ नका. तो झुंजीसाठी नेतो, आणि झुंज लावणं गुन्हा आहे.