दूरच्या ऑब्जेक्टला कॉल करताना

जावामधून डॉटनेटचं ऑब्जेक्ट थेट वापरता येईल का, असं विचारलंस. थेट नाही. त्यासाठी सोप (SOAP) ही निरोप पाठवण्याची पद्धत आहे. तीत पलीकडे ऑब्जेक्ट जातच नाही, जातो तो एक्सएमएल या मजकुराच्या स्वरूपातला निरोप. दूरच्या ऑब्जेक्टला कॉल करायच्या इतर पद्धतींपैकी आरएमआय जावापुरतं, डीकॉम मुख्यतः विंडोजपुरतं. कोर्बाला भाषेची अडचण नव्हती, पण ते फायरवॉलपाशी, म्हणजे नेटवर्कच्या सुरक्षा-नाक्यापाशी, अडायचं. सोपने एचटीटीपीचा, म्हणजे वेब पानं ज्यावरून येतात तो, रुळलेला रस्ता धरला. २००० सालची १.१ आवृत्ती जुन्या सिस्टिम्समध्ये अजून भेटते.

आधी डब्ल्यूएसडीएल फाइल, म्हणजे पलीकडच्या सर्व्हिसचं वर्णन, नीट वाच. ऑपरेशन्स, डेटा टाइप, पत्ता, सगळं त्यात असतं. त्यावरून टूल प्रॉक्सी क्लास (पलीकडच्या सर्व्हिसच्या वतीने तुझ्या कोडमध्ये उभा राहणारा क्लास) बनवून देतं आणि फसगत इथेच होते: कॉल अगदी घरच्या मेथडसारखा दिसतो. पण प्रत्येक कॉलमागे नेटवर्कची एक फेरी असते. म्हणून ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन वेगवेगळे मागू नकोस, एकाच कॉलमध्ये घे. टाइमआउट स्वतः ठरव. आणि उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरू नकोस! पैसे वळते करणारा कॉल डोळे झाकून पुन्हा पाठवलास, तर रक्कम दोनदा कापली जाऊ शकते. प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक दे, सर्व्हरला तो तपासू दे.

तारखांचा टाइमझोन आणि नल (रिकामी) व्हॅल्यू दोन्हीकडे सारख्याच वाचल्या जातात का, ते कोड लिहिण्याआधी सोपयूआय या चाचणीच्या टूलमधून रिक्वेस्ट पाठवून बघ.