गणपतराव देशमुख सांगोल्यातून किती वेळा निवडून आले? कधी हरले का?

आबा, म्हणजे गणपतराव, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून 11 वेळा आमदार झाले, तेही कायम शेतकरी कामगार पक्षाकडूनच. पहिला विजय 1962 चा, शेवटचा 2014 चा. मधे दोनदा हरले. 1972 ला पडले, पण 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 चा पराभव मात्र जिव्हारी लागणारा होता: शहाजीबापू पाटलांनी अवघ्या 192 मतांनी हरवलं. 1999 ला आबा पुन्हा निवडून आले आणि मंत्रीही झाले.

मला त्यांच्या आकड्यांपेक्षा एसटीतला आमदार जास्त मोठा वाटतो. पांढरा सदरा घालून ते साध्या प्रवाशासारखे बसमध्ये बसायचे. दुष्काळी तालुक्याच्या पाण्यासाठी तर आयुष्यभर भांडले. 2019 ला ते स्वतः उभे राहिले नाहीत. जुलै 2021 मध्ये गेले.