'टायगर मदर' म्हणजे वाघीण?

सिनेमांवरचे लेख मराठीत आणणाऱ्या एका मैत्रिणीनं विचारलंय: हॉलिवूडमधल्या चिनी आयांना हटकून 'टायगर मदर' म्हणतात, म्हणजे मुलांना यशासाठी कडक शिस्तीत रेटणारी आई, तिथं 'वाघीण आई' लिहू का?

नको लिहूस. मराठीत 'वाघीण' ही शाबासकी आहे. पोरांसाठी अख्ख्या भावकीशी भांडणाऱ्या बाईला आपण म्हणतो, "वाघीण आहे हो!" चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, तेही गौरवानंच. आपल्या वाघिणीची नखं परक्यांसाठी. टायगर मदर ती पोटच्या पोरांवरच चालवते.

हा शब्द रुळला 2011 मध्ये, चिनी वंशाच्या अमेरिकन लेखिका एमी चुआ यांच्या आठवणींच्या पुस्तकामुळे. त्यांचा जन्म 1962चा, चिनी पंचांगात ते वाघाचं वर्ष. नावातला वाघ तिथला. 'चिनी आई' हा शब्द आपण सैल अर्थानं वापरतोय, काही कोरियन, भारतीय, घानाचे पालकही यात बसतात, असं त्यांनीच लिहिलंय. पण शिक्का बसला तो चिनी आईवर. गंमत म्हणजे चिनी बोलीतही बाईला 'मू लाओहू', म्हणजे वाघीण, म्हटलं की अर्थ होतो कजाग!

'क्रेझी रिच एशियन्स'मधल्या (2018) एलेनॉरला 'खाष्ट' शोभेल असं आधी वाटलं. पण खाष्ट म्हटलं की ललिता पवार आठवतात, तोंडाचा पट्टा ऐकू येतो. एलेनॉर आवाजही चढवत नाही. शिवाय ती मुलाच्या प्रेयसीसमोर उभी आहे, म्हणजे होऊ घातलेली सासूच; 'खाष्ट' म्हटलं तर ती निव्वळ साचेबंद सासू वाटेल. आणि तिला स्वतःलाही सासूनं घराण्याची अंगठी दिली नव्हती. तिला 'करारी' म्हण.

बाकी ठिकाणी 'करडी आई' चालेल. अडतं ते 'टर्निंग रेड'मधल्या (2022) मिंगपाशी. शाळेच्या आवारात झाडाआडून लेकीवर नजर ठेवते, रखवालदारानं हटकलं तर त्याच्याशी हुज्जत घालते आणि भर वर्गाला दिसेल असा पॅडचा खोका उंचावते. ही कुठली करडी? ही लेकीच्या काळजीनं पिसाटलेली बाई. पुढे तीच लहान मुलगी होऊन बांबूच्या बनात रडताना दिसते. आमच्या आजीनं तिला विशेषण लावलं नसतं. "अगं, पोरीला जरा श्वास घेऊ दे," एवढंच म्हणाली असती. लेखात तिच्यापुरतं 'टायगर मदर' तसंच ठेव, अवतरणात.