लॅकर पांढरं का पडतं?

प्रश्न : लाकडी कपाटाला स्प्रे गनने एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं. हवा दमट होती, थोड्याच वेळात वर दुधासारखी झाक आली. घासून पुन्हा मारावं का? आणि बंदुकीच्या दारूतही हेच नायट्रोसेल्युलोज असतं का?

उत्तर : घासायची घाई नको, कोरडी हवा येऊ द्या. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते आणि त्या पाण्याने नायट्रोसेल्युलोज द्रावणातून फुटून बाहेर येतं. तीच ही झाक. एनसी लॅकर नुसता थिनर उडून वाळतं, म्हणून थिनर लागला की पुन्हा विरघळतं. रिटार्डर (हळू उडणारं द्रावक) मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा द्या, ओघळ येऊ देऊ नका. बहुतेक वेळा झाक निघून जाते. पुढच्या वेळी दमट हवेत थिनरमध्ये 5 ते 10 टक्के रिटार्डर घाला. जास्त झाला तर थर मऊ राहतो आणि वर ठेवलेल्या वस्तूचे ठसे उमटतात. हात पातळ द्या, दोन हातांमध्ये अर्धा तास सोडा. झाकेऐवजी सुटे ठिपके दिसले तर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढा.

दारूचं म्हणाल तर हो, आजच्या बिनधुराच्या दारूत नायट्रोसेल्युलोजच असतं (जुन्या काळ्या दारूत नसतं); फरक नायट्रोजनच्या प्रमाणाचा आहे. सेल्युलॉइडमध्ये (नायट्रोसेल्युलोजपासूनचं जुनं प्लास्टिक) साधारण 11 टक्के, लॅकरमध्ये 12 च्या आसपास, गनकॉटनमध्ये (स्फोटक नायट्रोसेल्युलोज) 13 च्या वर. पण 12 टक्केवालंही सुकं असेल तर ठिणगीने भडकतं; म्हणूनच ते अल्कोहोल किंवा पाण्याने ओलं करून पाठवतात. तुमच्याकडे खरा धोका भिंतीवर आणि एक्झॉस्टच्या पात्यांवर साचणाऱ्या लॅकरच्या सुक्या भुकटीचा. ती ओली करून लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडी पत्ती वापरू नका. लॅकरच्या चिंध्या पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. त्याच बूथमध्ये (फवारणीच्या खोलीत) पेरॉक्साइड हार्डनरचं पॉलिएस्टर फिनिश मारत असाल तर आधी सगळी भुकटी काढा: दोन्ही एकत्र साचली की आपोआप पेटू शकतात. हे गांभीर्याने घ्या.

प्रश्न : आजीचा सेल्युलॉइडचा कंगवा चिकट झालाय, उग्र वास येतो. डबीत घट्ट बंद ठेवू का?

उत्तर : अजिबात नको. सेल्युलॉइड विघटित होताना नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, ओलाव्याशी मिळून आम्ल होतं आणि ते विघटन आणखी वाढवतं. बंद डबीत हा वायू कोंडतो. कंगवा गार, हवेशीर जागी इतर वस्तूंपासून, विशेषतः धातूच्या वस्तूंपासून, वेगळा ठेवा. उन्हात किंवा दिव्याजवळ ठेवू नका.