पोरगं हुशार आहे, अमेरिकेतल्या सरकारी शाळेत त्याचं काय होईल?

अगं पहिली गोष्ट, काकू नको म्हणू, ताई म्हण, मी काय एवढी म्हातारी झालो नाही अजून. (आणि हसू नको, अकरा वर्षं पिट्सबर्गला काढली तरी मी 'मी आलो, मी गेलो'च बोलतो, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली बाई आहे, पुण्याच्या मैत्रिणींनी सुधारून सुधारून शेवटी नाद सोडला.)

तर तू विचारलंयस ते असं, नवऱ्याची कंपनी ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला पाठवतेय, पोरगा जूनमध्ये पाचवीला बसलाय, नोव्हेंबरला दहा पूर्ण होतील, गणित सातवीचं सोडवतो, आणि घरातले सगळे म्हणायला लागलेत की तिथली सरकारी शाळा म्हणजे नुसतं खेळणं नि चित्रं रंगवणं, पोरगं वाया जाईल, प्रायव्हेटला घाल. आणि कुणीतरी सांगितलंय की तिथं गिफ्टेडची, म्हणजे जास्त हुशार पोरं ओळखायची, टेस्ट असते, तर तिचा क्लास आत्ताच लावावा का.

माझं उत्तर आधी सांगतो, मग कारणं. शाळा सरकारीच. क्लास नको. आणि घर भाड्यानं घ्यायच्या आधी शाळेची चौकशी, नंतर नाही. आमचं इथंच चुकलं होतं.

सरकारी म्हटलं की नाक मुरडायची सवय आपल्याला कधी लागली काय माहीत. ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जिथं आजपण जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत ॲडमिशनसाठी पालक रांगा लावतात, तिथल्या माणसानं तरी असं म्हणू नये. असो.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत 'गिफ्टेड' मुलांसाठी देशभराचा असा एक कायदाच नाही. अपंगत्व किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी केंद्राचा पक्का कायदा आहे, पण हुशार मुलाला त्याच्या झेपेनं शिकवा हे केंद्र सांगत नाही, ते राज्यावर सोडलंय, आणि राज्यं कुठल्याकुठं. ओहायो, जे पिट्सबर्गपासून गाडीनं तासाभरावर आहे, तिथं शाळेनं अशी मुलं ओळखणं बंधनकारक आहे पण ओळखल्यावर त्यांना काही वेगळं शिकवणं बंधनकारक नाही, म्हणजे पत्र येतं घरी की अभिनंदन आणि पुढं काहीच नाही असंपण होऊ शकतं. कॅलिफोर्नियात 2013 नंतर यासाठीचा वेगळा राखीव निधीच गेला, जो तो डिस्ट्रिक्ट (आपला जिल्हा नव्हे, एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) आपल्या मर्जीनं. न्यू जर्सीत आहे बरंच. पण तुझं नशीब बघ, पेनसिल्व्हेनिया हे त्यातलं चांगलं राज्य निघालं.

तिथं राज्याच्या शिक्षण नियमांत 'चॅप्टर सोळा' म्हणून प्रकरण आहे, पूर्ण गिफ्टेड मुलांसाठी. हा शब्द पाठ करून ठेव, चॅप्टर सोळा. त्यानुसार पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टला अशी मुलं शोधावीच लागतात, शाळेच्या सायकॉलॉजिस्टकडून फुकट तपासणी करावी लागते, आणि पोरगं बसलं त्यात तर त्याच्यासाठी लेखी वैयक्तिक प्लॅन करावा लागतो, त्याला जीआयईपी म्हणतात, तो दरवर्षी नवा होतो, तुझ्या सहीनं. आता गंमत बघ, हे बंधन प्रायव्हेट शाळेवर नाही. चार्टर शाळा असतात, त्या सरकारी पैशावर चालतात, त्यांच्यावरपण नाही. म्हणजे घरचे सांगतायत तसं लाखो रुपये भरून प्रायव्हेटला घातलंस तर ज्या राज्यात हा हक्क मिळतो तिथं जाऊन तो हक्क तूच सोडलास. म्हणून सरकारी.

आमचं काय झालं सांगतो. मोठा तिसरीत होता. आम्ही कायदा-बियदा काही बघितला नव्हता, ऑफिसला जवळ म्हणून घर घेतलेलं. पोरगं पंधरा मिनिटांत वर्कशीट संपवायचं नि बाई त्याला अजून एक तसलंच वर्कशीट द्यायच्या, ते संपलं की बाकीच्या मुलांना मदत कर म्हणायच्या. वर्षभर पोरगं बिनपगारी मास्तर. मी कौन्सेलरला भेटलो, ती लै गोड, म्हणाली बघू या, लक्ष ठेवते. मी खूश. आठ महिने गेले ग, आठ. मग शाळेतल्याच एका आईनं, तिचं पोरगं आमच्या पोराच्या वर्गात होतं, मला विचारलं, तू लिहून दिलंस का? मी म्हटलं नाही, बोललो की. ती म्हणाली बोलणं धरत नाहीत.

खरंतर नियमात तोंडी विनंतीचीपण सोय आहे, तोंडी मागितलं तरी दहा दिवसांत परमिशनचा फॉर्म द्यायला पाहिजे, पण 'माझं पोरगं कंटाळतंय हो' ही विनंती नाही धरत कुणी, ती तक्रार झाली. म्हणून ईमेल. दोन ओळी बास, की चॅप्टर सोळाखाली माझ्या मुलाचं गिफ्टेड इव्हॅल्युएशन करावं, परमिशनचा फॉर्म पाठवावा. प्रिन्सिपलला, आणि कॉपी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला. तू फॉर्मवर सही करून दिलास की तिथून 60 दिवसांत तपासणी होऊन लेखी रिपोर्ट तुझ्या हातात यायला पाहिजे, शनिवार-रविवार धरून साठ. उन्हाळी सुट्टीचे दिवस यात मोजत नाहीत, त्यामुळं मे महिन्यात अर्ज करणं म्हणजे पुढच्या वर्षावर ढकलणं. आणि एका टर्ममध्ये एकदाच मागता येतं. मी म्हणेन सप्टेंबरचे पहिले तीन-चार आठवडे पोराला शाळेत रुळू दे, जेवणाच्या रांगेत उभं राहायला, बसमध्ये बसायला शिकू दे, मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला ईमेल टाक.

तपासणीत काय बघतात तर बुद्ध्यांक 130 किंवा जास्त हा एक निकष, पण एकटा आकडा नाही चालत, म्हणजे 130 च्या खाली आला तरी बाकीच्या गोष्टींवरून, वर्गातलं काम, शिकण्याचा वेग, एक किंवा जास्त इयत्ता पुढचं येतंय का, यावरून बसू शकतं. नियमात हेपण स्पष्ट आहे की इंग्रजी ही मुलाची दुसरी भाषा असेल तर त्यामुळं हुशारी झाकली जातेय का हे बघायला पाहिजे, आणि नुसतं हळू लिहितो किंवा लक्षात कमी राहतं एवढ्या कारणावरून नाही म्हणता येत नाही. हे तुझ्या कामाचं आहे, कारण मराठी माध्यमातून येतोय तो.

आणि एक, जे मला उशिरा कळलं. नुसतं हुशार असून भागत नाही, त्याला वर्गात मिळतंय त्यापेक्षा वेगळ्या शिकवण्याची *गरज* आहे हेपण दिसायला लागतं. इथं आपली लोकं गडबडतात, कारण आपल्या डोक्यात स्कॉलरशिपची परीक्षा असते. आपल्या वेळी चौथी-सातवीला होती, आठवतंय ना, बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर, गाईडं, पहाटेचे जादा तास, मेरिट लिस्टमध्ये नाव आलं की पेपरात फोटो. आपल्याला वाटतं गिफ्टेड म्हणजे तेच, नंबर काढायचा. तिथं ते बक्षीस नाही, ते औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे, या पोराला हे लागतं म्हणून हे द्या.

म्हणून क्लास नको म्हटलं. कॉगॅट नावाची चाळणी परीक्षा बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये घेतात, शब्द, आकडे आणि आकृत्या असे तीन भाग, तिची पुस्तकं मिळतात, आपली देशी मंडळी ती पोरांकडून घोटून घेतात. आकृत्यांचे चार नमुने दाखव एकदा म्हणजे घाबरणार नाही, बास. घोटून घेऊन पोरगं प्रोग्रॅममध्ये ढकललं आणि तिथं त्याला झेपेना, असं माझ्या समोर झालंय, ते पोरगं आठवड्यातून एक दिवस पोटात दुखतंय म्हणून घरी बसायचं, नेमका गिफ्टेडचा दिवस.

तुझं पोरगं सातवीचं गणित सोडवतं म्हणतेस. रागावू नको, पण बघ एकदा, सोडवतो म्हणजे काय? आपल्याकडं रीत पाठ असते. माझा तिसरीत तीन आकडी गुणाकार खटाखट करायचा, आणि तिथल्या बाईंनी विचारलं की हा खालचा आकडा एक घर डावीकडं का सरकवलास, तर गप्प. चिडला वर, म्हणे असंच असतं. त्याला चौकोन काढून, त्याचे तुकडे पाडून गुणाकार दाखवायला लावला, मला तेव्हा वाटलं काय बालिशपणा लावलाय, तुझ्या घरचे म्हणतात ती चित्रं हीच. सहा महिन्यांनी कळलं की बीजगणितातला कंस त्याला त्या चित्रामुळंच एका झटक्यात समजला.

आता इयत्तेचं. तिथं वयावरून बसवतात. बऱ्याच ठिकाणी 1 सप्टेंबरची तारीख धरतात, म्हणजे तुझा चौथीत जाईल, जी त्यानं इथं एप्रिलमध्ये संपवली. सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर पोरगं नापास झालं म्हणून अख्ख्या राजारामपुरीत होईल. पाचवीत बसवा म्हणून तू विनंती करू शकतेस, मार्कशीटा नि दाखला इंग्रजीत करून ने, पण भांडू नको त्यावर. पहिल्या वर्षी वयाच्या मुलांत राहू दे आणि फक्त गणिताला वरच्या वर्गात पाठवा म्हणून माग, हे त्या जीआयईपीत लिहून घेता येतं. माझा चौथीत असताना गणिताच्या तासाला उठून सहावीच्या पुस्तकावर काम करणाऱ्या गटात जायचा, फायदा झाला, पण एक सांगतो, असं पुढं पळवलं की मिडल स्कूलच्या शेवटी शिकवायला काही उरत नाही, आठवीत त्याला सकाळी हायस्कूलला सोडून परत आणावं लागायचं, आणि ती बस देणार कोण यावर तीन मीटिंगा. म्हणून पहिल्याच मीटिंगला विचार की आठवीत याचं काय करणार. त्यांना आवडत नाही हा प्रश्न. तरी विचार.

प्लॅन वाचताना बघ की त्यात 'आठवड्यातून एकदा गिफ्टेड वर्ग' एवढंच लिहिलंय का. आठवड्यातून एकदा रोबोट करणं मजेचं असतं, पण पोरगं हुशार आठवड्याचे पाचही दिवस असतं, तर रोजच्या गणिताच्या तासाला काय वेगळं मिळणार ते लिहिलेलं पाहिजे. नसेल तर सही करू नको लगेच. ते नोरा नावाचा कागद देतात, शाळेनं काय ठरवलंय ते कळवणारा, त्यावर मान्य नाही असं लिहायची सोय असते, मग मध्यस्थी, त्यापुढं सुनावणी. आम्ही मध्यस्थीपर्यंत नाही गेलो, नुसतं 'मान्य नाही'वर टिक केल्यावर आठवड्यात फोन आला.

शाळेत नाव घालताना एक फॉर्म येईल, घरी कुठली भाषा बोलता. खरं लिही, मराठी. मग त्याची इंग्रजीची टेस्ट घेतील, कदाचित इंग्रजीच्या जादा तासाला बसवतील. बरेच जण भिऊन इंग्लिश लिहितात, पोराला कमी समजतील म्हणून. खोटं लिहिलंस तर वर सांगितलेला तो भाषेचा मुद्दा तुझ्या हातातनं गेला.

आणि लसी! मराठी माणूस इथं हमखास अडकतो. कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस मागतात आणि आपल्या सरकारी वेळापत्रकात ती नाही, त्यामुळं बऱ्याच पोरांची राहिलेली असते. पहिला डोस इथंच देऊन घे, कार्डावर तारीख नि शिक्का, दुसरा तिथं. हिपॅटायटिस बीचे तीन आहेत का तेपण बघ.

शाळेबाहेरचं फार सांगत नाही, पब्लिक लायब्ररी फुकट आहे आणि मार्चमध्ये मॅथ कांगारू असते, दोन्ही धर. वीकेंडचे महागडे क्लास आपली मंडळी सांगतील, एक वर्ष तरी त्यांच्यापासून लांब राहा.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. माझा चौथीत पहिल्यांदा खऱ्या अवघड गणितापाशी अडला आणि हमसून हमसून रडला. तोपर्यंत त्याला कधी काही आलं नाही असं झालंच नव्हतं, न येणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी माझ्या बाबांना फोन केला, ते तालमीत वाढलेले, शाळा जेमतेम. ते म्हणाले, वस्ताद काय करतो, अंगानं भरलेलं पोरगं आलं की त्याला बारक्या पोरांत ठेवत नाही, रोज जिंकून ते माजतं आणि आळशी होतं, त्याला मोठी जोड देतो, पडू देतो, पण अंग मोडेल एवढी मोठी जोडपण देत नाही. तुझ्या शाळेला विचार, म्हणाले, याला जोड कोण आहे? मी खरंच पुढच्या मीटिंगला तेच विचारलो, इंग्रजीत जमेल तसं, की माझ्या पोराला या आठवड्यात न येणारं असं काय मिळालं? दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग तो सहावीच्या पुस्तकाचा गट निघाला.

घराचं. डिस्ट्रिक्ट पत्त्यावरून ठरतो, आणि चांगला डिस्ट्रिक्ट म्हणजे जास्त भाडं हे आहेच, पण रेटिंगच्या आकड्यावर जाऊ नको, तो बहुतेक टेस्टच्या मार्कांचा असतो. लीजवर सही करायच्या आधी दोन-तीन डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला ईमेल टाक, चौथीच्या मुलाला गणितात एक-दोन इयत्ता पुढं पाठवता का, आणि तुमच्याकडं गिफ्टेडच्या किती शिक्षिका किती शाळा सांभाळतात. एकच बाई चार शाळा फिरत असेल तर समजून जा.

मी पुढच्या शुक्रवारपर्यंत आईकडं आहे. नवऱ्याच्या ऑफिसचा पत्ता घेऊन ये, नकाशा बघून डिस्ट्रिक्ट काढू आणि ते ईमेल इथंच बसून लिहू. पोराला पण आण, त्याला ते डावीकडं सरकवायचं विचारतो. संध्याकाळी ये, सकाळी नळाला पाणी असतं तेव्हा आई कुणाशी बोलू देत नाही.